मॉडेलमधलं घर आणि आठ मिलिमीटरचं रीळ

१९६९ साली नलिनी मलानी २३ वर्षांच्या होत्या. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून चित्रकलेची पदविका घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या. त्या वर्षी त्यांनी 'ड्रीम हाउसेस' नावाचा एक छोटा लघुपट केला. आठ मिलिमीटरची रंगीत फिल्म. नट नाहीत, संवाद नाहीत, गोष्ट म्हणावी असं काही नाही. घरांचं एक मॉडेल, त्यावर खेळणारे रंग आणि एकेक फ्रेम टिपत जाणारा कॅमेरा, एवढाच ऐवज. पुढे १९७६ साली त्यांनी या फिल्मच्या शेजारी दुसरी, कृष्णधवल फिल्म ठेवली आणि दोन पडद्यांवर एकाच वेळी चालणारी 'युटोपिया' ही कलाकृती तयार झाली. लांबी जेमतेम पावणेचार मिनिटं.

शॉर्ट फिल्म करू पाहणाऱ्या मुलामुलींसमोर मला हेच प्रकरण ठेवावंसं वाटतं, कारण त्यांचे सगळे प्रश्न यात आहेत. कॅमेरा कुणाचा, पैसे कुठले, विषय काय घ्यायचा, फिल्म किती लांब ठेवायची, कुणाला दाखवायची आणि ती पुढं टिकणार कशी. यातल्या शेवटच्या प्रश्नाकडे फिल्म करताना फारसं कुणी वळत नाही. मलानींनी जिथं काम केलं त्या मुंबईतल्या फ्लॅटमध्ये त्याच सुमारास आणखी एक फिल्म झाली; तिचं काय झालं ते पाहिलं, की तो प्रश्न पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता हे पटतं.

जागा, यंत्रं, माणसं

आधी त्या वर्षाची मुंबई डोळ्यांसमोर आणू. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' आणि मणि कौल यांचा 'उसकी रोटी' हे दोन्ही चित्रपट १९६९चेच. दोन्हींना फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचं कर्ज होतं आणि दोन्हींचं छायालेखन के. के. महाजन यांचं. कौल तेव्हा जेमतेम पंचविशीचे. म्हणजे तरुणांना संधी मिळतच नव्हती असं नाही, पण ती पूर्ण लांबीच्या चित्रपटाची संधी होती. छोटी फिल्म करायची तर पेडर रोडची फिल्म्स डिव्हिजन, म्हणजे केंद्र सरकारची माहितीपट काढणारी संस्था. तिचे माहितीपट थिएटरांत मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवणं बंधनकारक होतं, त्यामुळे प्रेक्षकांची वाण नव्हती. चित्रकारांनाही तिथं वाव मिळाला. मकबूल फिदा हुसेन यांच्या 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर'ला १९६७ साली बर्लिनच्या महोत्सवात लघुपटाचं गोल्डन बेअर मिळालं. तैयब मेहतांचा 'कूडल' १९७० साली तिथंच झाला. पण हुसेन पन्नाशी ओलांडलेले, मेहता पंचेचाळिशीचे, दोघंही नाव असलेले चित्रकार. नुकतीच पदविका घेतलेल्या मुलीला तिथं कोण विचारणार? पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून होती, पण तिथं जायचं म्हणजे चित्रकला बाजूला ठेवून नव्यानं विद्यार्थी व्हायचं.

मार्ग निघाला तो एका ज्येष्ठ चित्रकारामुळे. अकबर पदमसी तेव्हा ४१ वर्षांचे होते. त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. अशा पैशांतून कुणीही निवांत स्वतःची चित्रं काढली असती आणि कुणी नावंही ठेवली नसती. पदमसींनी मात्र नेपियन सी रोडवरच्या फ्लॅटमध्ये 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केलं. सिनेमाचा कॅमेरा आणला, फोटोंसाठी डार्करूमची सोय केली, एचिंगचं, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापचित्रं काढण्याचं, साहित्य ठेवलं. चित्रकार, छायालेखक, मनोविश्लेषक असे एरवी एका खोलीत न येणारे लोक तिथं येऊ लागले. के. के. महाजन होते, मनोविश्लेषक उदयन पटेल होते. या सगळ्यांत मलानी वयानं सर्वांत लहान होत्या आणि स्त्री म्हणून एकट्याच.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. पदमसींनी तिथं शाळा काढली नाही. अभ्यासक्रम नव्हता, परीक्षा नव्हती, कुणी फिल्मचा विषय ठरवून देत नव्हतं. यंत्र हाताशी होतं आणि अडलं तर ते यंत्र कोळून प्यायलेला माणूस शेजारी होता. त्या काळी कच्च्या फिल्मसाठी आपण मोठ्या प्रमाणात आयातीवर अवलंबून होतो आणि आयातीवर निर्बंध होते. विशीतल्या कलाकाराकडे स्वतःचा सिनेकॅमेरा असणं ही चैन होती. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. आज दुर्मीळ झालंय ते दुसरं काही: ज्याला आपल्या फिल्मचं यश-अपयश चिकटलेलं नाही, तरीही जो वेळ देऊन बघेल, असा जाणता माणूस. फिल्म स्पर्धांसाठी पैसे साठवणाऱ्या मुलांनी त्याआधी असा एक माणूस शोधावा, असं मी आग्रहानं सांगते.

प्रश्न एकच

आता खुद्द फिल्मकडे. प्रायोगिक म्हटलं की अनेकांच्या डोक्यात एक ठरलेलं चित्र येतं: संथ हलणारा पडदा, आरशात पाहणारी व्यक्ती, उलटा कॅमेरा, मागे घुमणारा आवाज. हे सगळं एकत्र केलं की अर्थ आपोआप उगवेल अशी आशा असते. 'ड्रीम हाउसेस'मध्ये यातलं काही नाही, कारण तिच्या मुळाशी एक नेमका प्रश्न आहे. नव्या देशात सामान्य माणसाला मिळणार म्हणून सांगितलेलं ते घर कसं असेल?

हा प्रश्न तेव्हाच्या मुंबईत हवेत होता. १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकानं मुंबईच्या नियोजनावर अंक काढला होता. त्यात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झालं आणि नव्या मुंबईचं काम सुरू झालं. नेहरूंच्या काळातला आधुनिकतेवरचा विश्वास अजून पुरता ओसरला नव्हता. चांगली रचना केली तर माणसाचं जगणं सुधारेल, असं मनापासून मानणारे वास्तुरचनाकार होते. मलानींच्या पिढीनं हे सगळं ऐकत कॉलेज केलं. मलानी स्वतः फाळणीआधी, १९४६ साली कराचीत जन्मलेल्या आणि फाळणीत घर सुटलेल्या कुटुंबातल्या. घर हा विषय त्यांना पुस्तकातून शोधायची गरज नव्हती.

या प्रश्नासाठी त्यांनी निवडलेली वस्तू पाहा: मॉडेल. वास्तुरचनाकार इमारत दाखवण्याआधी मॉडेल दाखवतो. त्यात पाण्याची रांग नसते, गळकं छप्पर नसतं, भाडं थकलेलं नसतं, माणूसच नसतो. असतो तो फक्त आकार आणि त्यावर पडलेला चांगला उजेड. मलानी शहरात जाऊन खऱ्या इमारती टिपू शकल्या असत्या. त्यांनी वचनच चित्रित केलं, अजून न पाळलेलं. माझ्या मते या फिल्ममधला खरा प्रयोग इथं आहे, निवडीत. तंत्र त्याच्या मागून येतं.

शिवाय ही निवड व्यवहाराचीही होती. मॉडेलला परवानगी लागत नाही. त्याला ऊन उतरायच्या आत गाठावं लागत नाही, बघ्यांची गर्दी होत नाही, नटाच्या तारखा सांभाळाव्या लागत नाहीत. चुकलं तर उद्या पुन्हा मांडता येतं. पैसे नसलेल्या दिग्दर्शकाला हवी असते ती ताबा ठेवता येईल अशी छोटी जागा. ती मिळाली की तिच्यात कितीही खोल जाता येतं.

रिळाचा हिशेब

आठ मिलिमीटरच्या फिल्मवर काम म्हणजे काय, हे आज मोबाइलवर शूट करणाऱ्याला समजून सांगावं लागतं. समजलं, तर फिल्मची लांबी आणि चाल कुठून येते तेही समजतं.

मूळ प्रकारच्या आठ मिलिमीटरमध्ये कॅमेऱ्यात १६ मिलिमीटर रुंदीचं, २५ फुटांचं रीळ भरत. आधी एका बाजूच्या अर्ध्या रुंदीवर चित्रण व्हायचं, मग रीळ उलटं घालून दुसऱ्या अर्ध्यावर. धुतल्यानंतर लॅबमध्ये ते मधोमध चिरलं जाई आणि जोडून ५० फूट होई. एका फुटात ८० फ्रेम, म्हणजे एका रिळात ४,००० फ्रेम. सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगानं हे रीळ साधारण चार मिनिटं दहा सेकंद चालतं. १९६५ पासून आलेल्या सुपर एट या आठ मिलिमीटरच्याच नव्या प्रकाराच्या कार्ट्रिजमध्ये ३,६०० फ्रेम मावतात. १८च्या वेगानं ती तीन मिनिटं वीस सेकंद पुरते. त्या काळच्या इतक्या हौशी आणि प्रायोगिक फिल्म तीन-चार मिनिटांच्या का, याचं साधं उत्तर या आकड्यांत आहे.

आता स्टॉप मोशन. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा. एक फ्रेम टिपायची, मॉडेल किंवा दिवा किंवा दिव्यापुढचा फिल्टर किंचित बदलायचा, पुढची फ्रेम टिपायची. प्रत्येक बदलाला दोन फ्रेम दिल्या, तरी एका रिळाला २,००० बदल. प्रत्येक बदल हा एक निर्णय. पूर्ण झालेलं हलतं चित्र धुऊन येईपर्यंत दिसत नाही, म्हणून मागचे शंभर निर्णय डोक्यात ठेवूनच पुढचा घ्यावा लागतो. मलानी रंगाचा विचार करत होत्या तो चित्रकाराच्या शिस्तीनं. स्विस चित्रकार आणि कलाशिक्षक योहानेस इटेन यांच्या रंगसिद्धान्ताचा आधार त्यामागे होता. तांबडा निळ्याशेजारी आला की पुढे सरकतो, पिवळ्यात कडा विरतात, पूरक रंग एकामागून एक आले की डोळ्यात झटका बसतो. कॅनव्हासवर हे एकाच वेळी शेजारी शेजारी घडतं. फिल्ममध्ये ते वेळेत घडतं. मागच्या फ्रेमचा रंग डोळ्यात उरलेला असतानाच पुढचा येतो. घरं जागची हलत नाहीत, तरी भिंती पुढे-मागे होतात, सावलीची खोली होते, खोलीची पोकळी होते. हालचाल वस्तूची नाही, उजेडाची आहे. चित्रकारानं सिनेमात आणलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आणखी एक गोष्ट, जिचा पुढे संबंध येणार आहे. आठ मिलिमीटरवर बहुतेक वेळा रिव्हर्सल फिल्म वापरली जायची. तिच्यात निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून जी पट्टी निघाली तीच धुतल्यावर पॉझिटिव्ह होते आणि तीच प्रोजेक्टरवर चढते. म्हणजे मूळ फिल्म आणि दाखवायची प्रत या दोन गोष्टी नाहीतच. प्रत्येक वेळी दाखवताना तीच झिजते, तिच्यावर ओरखडे येतात. एकाच पट्टीवर दुसरं एक्स्पोजर द्यायचं ठरवलं आणि ते बिघडलं, तर पहिलंही गेलं. असं काम करणाऱ्याला जो धीर लागतो, तो आज 'अनडू' दाबणाऱ्या हाताला कळायला अवघड आहे.

त्याच वर्षी मलानींनी 'स्टिल लाइफ' केली, घरातल्या वस्तूंवरून फिरणाऱ्या कॅमेऱ्याची. 'ओनॅनिझम' केली, पलंगावरच्या एका स्त्रीच्या देहाची तगमग टिपणारी, सोळा मिलिमीटरवर, कृष्णधवल. १९६९ सालच्या मुंबईत २३ वर्षांच्या स्त्रीनं स्त्रीच्या कामनेवर कॅमेरा रोखला, यातलं धाडस वेगळं सांगायला नको. १९७३च्या 'टॅबू'चा विषय आहे विणकर समाजातल्या बायकांवर असलेली मागाला हात न लावण्याची बंदी. हे सगळं एकत्र पाहिलं की कळतं, 'ड्रीम हाउसेस' ही एकदा करून पाहिलेली हौस नव्हती.

सात वर्षांनंतरचा दुसरा पडदा

१९७० ते १९७२ मलानी फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला होत्या. परत आल्यावर वर्कशॉप उरलं नव्हतं. ते १९७२ साली थांबलं. देशही बदललेला होता. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. १९७६ साली मुंबईत झोपडपट्ट्यांची गणना झाली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात ट्रॉम्ब्याची जनता कॉलनी पाडून तिथल्या हजारो कुटुंबांना चीता कॅम्पच्या मोकळ्या, दलदलीच्या जागेवर नेऊन टाकलं. १९६९ सालच्या 'घर कसं असेल?' या प्रश्नाला शहरानं दिलेलं उत्तर हे असं होतं.

'युटोपिया'मधल्या कृष्णधवल फिल्ममध्ये एक तरुणी मुंबईकडे, पसरत गेलेल्या वस्त्यांकडे पाहते. शेजारच्या पडद्यावर 'ड्रीम हाउसेस'चे रंग चालू असतात. दोन्ही एकाच वेळी. प्रेक्षकानं कुठं पाहायचं हे संकलकानं ठरवलेलं नाही. नजर एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा मधल्या वर्षांतलं अंतर प्रेक्षक स्वतः ओलांडतो. मॉडेलमध्ये माणूस नव्हता. तो इथं आला, पण त्या घरात नव्हे, घराबाहेर, पाहणारा म्हणून.

यातला निर्णय बारकाईनं पाहण्यासारखा आहे. तिशीतल्या मलानींना विशीतल्या फिल्मचा आशावाद भाबडा वाटला असेलच. अशा वेळी तीन वाटा असतात. जुनी फिल्म ट्रंकेत ठेवून द्यायची. ती नव्यानं कापून तिच्यात कडवटपणा भरायचा. किंवा तिच्यावर निवेदन चढवून ती किती चुकीची होती ते सांगायचं. मलानींनी यातलं काही केलं नाही. जुनी फिल्म आपल्या रंगात राहू दिली आणि तिच्याशेजारी नवी नजर उभी केली. त्यामुळे 'युटोपिया' आशेची टिंगल होत नाही. ते स्वप्न खरंच सुंदर होतं हे डोळ्यांना दिसत राहतं, आणि म्हणूनच शेजारचं शहर जास्त लागतं. स्वतःच्या पहिल्या फिल्मची लाज वाटणाऱ्या प्रत्येक तरुण दिग्दर्शकानं ही जोडी पाहावी.

जी उरली आणि जी गेली

त्याच फ्लॅटमधून पदमसींच्याही दोन फिल्म निघाल्या. पहिली 'सिझिजी', सोळा मिलिमीटर, मूक, अकरा मिनिटांची. जवळजवळ हजार रेखाचित्रांमधून उभी राहिलेली, फक्त रेषांची फिल्म. ॲनिमेशनमध्ये राम मोहन यांची साथ होती. अकरा मिनिटं सेकंदाला २४ फ्रेमनं मोजली तर १५,८४० फ्रेम होतात, म्हणजे सरासरी एक चित्र सोळाएक फ्रेम टिकतं. रेषा सळसळत नाही, ती विचार करत पुढं जाते, ते यामुळे. पाहणाऱ्यांना तेव्हा हे काय चाललंय ते उमगलं नाही. पण फिल्म राहिली.

दुसरी 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'. पदमसींनी स्वतःचंच एक निसर्गचित्र पायाशी घेतलं, स्टेन्सिल आणि प्रोजेक्टरनं आकार एकमेकांवर टाकले आणि ते बोलेक्स कॅमेऱ्यानं टिपले. सहा मिनिटं. गीता साराभाई यांचं इलेक्ट्रॉनिक संगीत. प्रत एकच होती. ती दिल्लीला प्रदर्शनासाठी गेली आणि परत आली नाही. चाळीसहून अधिक वर्षांनी दिग्दर्शक अशिम अहलुवालिया यांनी पदमसींबरोबर बसून ती हरवलेली फिल्म आठवणीतून पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला. त्यावरची त्यांची फिल्म २०१६ साली आली. पदमसी तेव्हा नव्वदीच्या जवळ होते. जानेवारी २०२० मध्ये ते गेले. मूळ सहा मिनिटं आज कुणालाच पाहता येत नाहीत.

हुसेन आणि तैयब मेहतांच्या फिल्मशी तुलना करा. कलात्मक धाडस सारखंच होतं. पण फिल्म्स डिव्हिजनकडे निगेटिव्ह जपण्याची पद्धत होती, नोंदवही होती, प्रती काढण्याचं बजेट होतं. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होतं. वर्कशॉपच्या फिल्मना मात्र मालक असा एक कलाकारच. चित्रकलेच्या जगाला त्या चित्रं वाटत नव्हत्या आणि सिनेमाच्या जगाला सिनेमा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ साली सुरू झालं होतं, चित्रपट गांभीर्यानं पाहणारा मराठी प्रेक्षक घडत होता, पण फिल्म सोसायट्यांचा कारभार सोळा आणि पस्तीस मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर. आठ मिलिमीटरचा उजेड दिवाणखान्यापुरता पुरतो. माध्यमाचा आकार ठरवला त्याच क्षणी प्रेक्षकांचा आकारही ठरला होता.

मलानींच्या फिल्मही अनेक वर्षं नजरेआड राहिल्या. परतल्यावर फिल्म करत राहायला ना जागा होती ना पैसा, आणि त्या चित्रकलेकडे वळल्या. १९९०च्या दशकात व्हिडिओ आला तेव्हा हलतं चित्र त्यांच्या कामात परतलं; सआदत हसन मंटो यांच्या कथेवर उभी राहिलेली 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' ही व्हिडिओ मांडणी १९९८-९९ची. जुन्या फिल्म डिजिटल झाल्या आणि २०१७ साली पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या त्यांच्या मोठ्या प्रदर्शनात 'युटोपिया' सुरुवातीच्या कामांत होती. केल्यापासून जवळजवळ अर्धं शतक उलटलं होतं. त्या पट्ट्या जपल्या गेल्या म्हणून हे घडलं. पदमसींची ती एक प्रत जपायला दुसरी प्रतच नव्हती.

आज याच जागी असलेल्यानं

मोबाइलवर केलेली फिल्म अमर आहे असा आपला समज असतो. एक हार्ड डिस्क पडते आणि समज संपतो. आपली प्रायोगिक फिल्म आजही तशीच दोन जगांच्या मधे राहते. तिचा संग्रह करायला कुणी आपणहून येत नाही. म्हणून मी एवढंच मागते. अंतिम फाइल संपूर्ण दर्जाची ठेवा. कुठल्याही साइटवर चढवलेली प्रत दाबलेली असते, तिला मूळ समजू नका. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असू द्या, आणि त्यातलं एक घर तुमचं नसू द्या. न कापलेलं चित्रण फेकू नका. सात वर्षांनी तुम्हाला शेजारचा पडदा लागू शकतो.

आणि कागद लिहा. हे कुणी करत नाही आणि हेच मला सर्वांत जास्त खटकतं. 'युटोपिया'सारखं काम घ्या. दोन फाइल सुरक्षित आहेत असं धरा. डावीकडे कुठली, उजवीकडे कुठली? दोन्ही एकदम सुरू व्हायच्या का? एक आधी संपली तर काळोख ठेवायचा की ती पुन्हा सुरू करायची? पडद्यांमध्ये अंतर किती? वेग सेकंदाला १६ की २४? चुकीच्या वेगानं चालवलेली स्टॉप मोशन फिल्म दीडपट पळते आणि दोन हजार निर्णयांचा विचका होतो. हे सगळं दिग्दर्शकाच्या डोक्यात असतं आणि डोक्याबरोबर जातं. एका पानावर तारीख घालून, सही करून लिहिलं तर फिल्म दिग्दर्शकाशिवायही उभी राहू शकते. संगीत वापरण्याची लेखी परवानगी त्याच पानाला जोडा. मित्रानं तोंडी दिलेला होकार दहा वर्षांनी कोणत्याही महोत्सवाला चालत नाही.

दाखवण्याच्या बाबतीत दिवस बरे आले आहेत. मुंबईत १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. शाई हेरेडिया यांनी २००३ साली सुरू केलेल्या 'एक्सपेरिमेंटा' महोत्सवानं प्रायोगिक सिनेमाला भारतात हक्काचा पडदा दिला आणि जुन्या, विसरलेल्या फिल्मही बाहेर काढल्या. तरीही पहिला प्रेक्षक शोधायला महोत्सवापर्यंत थांबू नये. दहा माणसांची खोली चालते. नेपियन सी रोडवरही एक फ्लॅटच होता.

मलानींना २०२३ साली जपानचं क्योटो पारितोषिक मिळालं. त्याच्या काही वर्षं आधी, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी आयपॅडवर बोटानं चित्रं काढून छोटी छोटी ॲनिमेशन करायला सुरुवात केली होती. काही सेकंदांची, एखाद्या संतापातून किंवा वाचलेल्या एका ओळीतून निघालेली. २०२० साली लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत त्यांतली ८८ एकत्र करून 'कॅन यू हिअर मी?' या नावानं मोठ्या भिंतींवर सोडली गेली. एक फ्रेम काढायची, थोडं बदलायचं, पुढची काढायची, हे तंत्र तेच. फिल्टर, दिवा, रीळ काही लागलं नाही, धुऊन येईपर्यंत थांबावं लागलं नाही, आणि या खेपेला प्रत्येक ॲनिमेशनच्या हव्या तितक्या प्रती निघू शकत होत्या.